स्टेशन ते कोर्ट नाका : ठाण्याच्या जुन्या रस्त्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी चरईत वाढलो. आता महिन्यातून एखाद्या रविवारी सकाळी दहा-बारा जणांना घेऊन ठाणे स्टेशनपासून कोर्ट नाक्यापर्यंत चालत जातो. येणारे बहुतेक घोडबंदर रोडकडचे, काही नवी मुंबईचे. प्रश्न दर वेळी साधारण तेच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. प्रश्न जसे विचारले गेले तसेच ठेवलेत.

नेमका कोणता रस्ता? त्याला एक नाव तरी आहे का?

नाही, आणि तीच पहिली गंमत. स्टेशनच्या पश्चिमेला उतरायचं, बाजारपेठेतून जांभळी नाका गाठायचा, डावी-उजवी न बदलता कौपिनेश्वराच्या देवळाशी यायचं, तलावपाळीला म्हणजे मासुंदा तलावाच्या काठाला लागायचं, पुढे टेंभी नाका, मग कोर्ट नाका आणि शेवटी मध्यवर्ती कारागृहाची भिंत. पाट्यांवर वाटेत शिवाजी पथ, सुभाष पथ, डॉ. मूस रोड अशी वेगवेगळी नावं येतात. लोक मात्र नाक्यांच्या नावानंच बोलतात. रिक्षावाल्याला ‘डॉ. मूस रोड’ म्हणून बघा, तो विचारेल, ‘म्हणजे तलावपाळी ना?’

सगळं मिळून दीड-दोन किलोमीटर. नुसतं चाललात तर पंचवीस मिनिटं. आम्हाला तीन तास लागतात.

एवढ्या गजबजाटात बघण्यासारखं आहे काय? सगळी दुकानंच तर दिसतात.

हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येतोच. फ्लेक्स, शटर, मोबाइलची कव्हरं, भाज्यांच्या टोपल्या. खरंय. पण नजर दुकानाच्या पाटीच्या वर न्या. वर अजून कुठे लाकडी सज्जा आहे, कुठे बिडाचा कठडा, कुठे कौलांच्या उतारावर ताडपत्री. मग खाली बघा, पायरीच्या दगडाकडे. मधला पट्टा दर दहा वर्षांनी बदलतो. वरचं आणि खालचं हळू बदलतं.

आणखी एक गोष्ट आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. हा रस्ता आज आपण उलट्या दिशेनं चालतो. जुनं ठाणं खाडीच्या आणि किल्ल्याच्या बाजूनं वाढलं. माल बंदरात उतरायचा, सत्ता किल्ल्यात बसायची. स्टेशन आलं ते गावाच्या कडेला, आणि त्यानंतर गावानं तोंड फिरवलं. एकेकाळी जे टोक पाठीमागचं होतं ते दरवाजा झालं, आणि जो दरवाजा होता तिथे आज जेलची भिंत आहे.

ठाणं खरंच हजार वर्षं जुनं आहे, की हे सगळ्याच गावांबद्दल म्हणतात?

ठाण्याबद्दल पुरावा आहे. उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत ‘श्रीस्थानक’ हे नाव येतं, त्याचंच ‘ठाणे’ झालं. शिलाहार राजा अरिकेसरीचा शके ९३९ म्हणजे इ. स. १०१७ चा ताम्रपट १७८७ साली इथल्याच किल्ल्यात पाया खणताना सापडला. बांधकामाच्या खड्ड्यातून गावाचं नाव वर आलं! आज ठाण्यात इतके पाये खणले जातात. कुणाच्या फावड्याला काय लागतं आणि ते कुठे जातं, हा विचार मला प्रत्येक निळ्या पत्र्यांच्या कुंपणाशेजारून जाताना येतो.

त्याशिवाय जुना प्रवासी-विद्वान अल्बेरुनीनं ठाण्याचा उल्लेख कोकणची राजधानी म्हणून केला आहे, आणि मार्को पोलोनं इथल्या कातड्याचा, सुती कापडाचा आणि चाच्यांचा. चाच्यांचं नाव काढलं की पोरांचे डोळे लकाकतात, म्हणून ते मी हमखास सांगतो.

नाका, आळी, पाळी – या नावांना काही अर्थ आहे का?

आहे. नाका म्हणजे जिथे येणाऱ्याजाणाऱ्याला आणि मालाला अडवायचं, पट्टी घ्यायची ती जागा. ठाण्यात नाके मोजायला बसलात तर बोटं पुरणार नाहीत. आळी म्हणजे एका धंद्याच्या किंवा एका समाजाच्या घरांची ओळ : खारकर आळी, धोबी आळी. आणि तलावपाळीतली ‘पाळ’ म्हणजे तळ्याचा बांध. हल्लीची मुलं ‘तलावपाली’ म्हणतात, तेव्हा मला ‘पाल’ आठवते. असो.

कौपिनेश्वराचं देऊळ शिलाहारांचं ना?

देवस्थान जुनं मानतात. आपण बघतो ती इमारत मात्र मराठा काळातली. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि ते ज्यावर आहे ते साष्टी बेट पोर्तुगीजांकडून घेतल्यावर कल्याणचा सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यानं १७६० च्या सुमारास हे देऊळ उभं केलं. पुढे १८७९ मध्ये गावकऱ्यांनी वर्गणी काढून त्याची डागडुजी केली. हे १८७९ साल लक्षात ठेवा, पुढे परत लागेल.

आत गेलात की शिवलिंगाचा आकार बघून प्रत्येक जण एक क्षण थबकतो. साध्या पिंडीची सवय असलेल्या डोळ्याला ते भलंमोठं वाटतं. समोरचा नंदीही त्याच मापाचा. आवारात राम, दत्त, मारुती, शीतलादेवी अशी छोटी देवळं आहेत. प्रत्येक पिढीनं आपलं एकेक जोडत नेलंय, त्यामुळे शैलीची शुद्धता वगैरे शोधायला जाऊ नका. फरशीही नवी आहे. तक्रार करण्यात अर्थ नाही. देऊळ वापरात आहे, त्याला रोज पाणी लागतं, रोज धुवावं लागतं.

गुढीपाडव्याच्या सकाळी स्वागतयात्रेची पालखी इथूनच निघते. त्या दिवशी मात्र वास्तू बघायला येऊ नका, माणसं बघायला या.

मासुंदा तलाव नैसर्गिक आहे का? आणि ठाण्याला ‘तलावांचं शहर’ का म्हणतात?

तळी बांधलेली, राखलेली. खाडीकाठचं गाव, विहिरीला मचूळ पाणी लागण्याची भीती, आणि पाऊस चार महिने. तेव्हा गोडं पाणी अडवून ठेवणं हा जगण्याचा भाग होता. म्हणून देऊळ तळ्याच्या काठी, चर्च तळ्याच्या काठी, वस्ती तळ्याच्या काठी. आज पालिकेच्या हद्दीत पस्तीसच्या आसपास तलाव मोजतात. जुनी माणसं साठ सांगतात. बुजवले किती, ते यावरून समजा.

आता मासुंद्यात बोटी फिरतात, काठावर भेळ आणि कुल्फी, आणि दिवाळीच्या पहिल्या पहाटे पाय ठेवायला जागा नसते. मला तो गोंधळ आवडतो. आमच्या आईला आवडायचा नाही. ती म्हणायची, ‘अभ्यंगस्नान करून देवाला जायचं की मित्रांना?’

पोर्तुगीजांनी ठाण्यात काय मागे ठेवलं?

तळ्याकाठचं सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च. फ्रान्सिस्कन पंथीयांचं मूळ पोर्तुगीज काळातलं. पण ख्रिस्ती मंडळी ठाण्यात पोर्तुगीजांच्या कितीतरी आधी आली होती. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन साधू इथे मारले गेले. त्यानंतर थोड्याच काळात ओडोरिक नावाचा इटालियन साधू ठाण्यात आला, त्यानं त्यांच्या अस्थी गोळा केल्या आणि थेट चीनपर्यंत सोबत नेल्या. तो लिहितो की ते चौघे इथल्या एका नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या ख्रिस्ती पंथाच्या घरात उतरले होते. म्हणजे वास्को द गामा कालिकतला लागायच्या पावणेदोनशे वर्षं आधी ठाण्यात ख्रिस्ती बिऱ्हाडं होती.

चर्चची इमारत बघताना भिंतीची जाडी बघा. खिडकीच्या कोनाड्यात माणूस आरामात बसेल. पाऊस आणि ऊन दोन्ही बाहेर ठेवायचे तर त्या काळात दुसरा उपायही नव्हता. आत प्रार्थना चालू असेल तर बाहेरूनच बघा. रविवारी सकाळी ती असतेच.

टेंभी नाक्यावर सिनेगॉग आहे म्हणतात. ठाण्यात ज्यू कुठून आले?

‘आले’ हा शब्द जपून वापरा. बेने इस्रायली लोक कोकणात शेकडो वर्षांचे आहेत. रायगडच्या किनाऱ्यावरच्या गावांत ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणायचे. आडनावं बघा : पेणकर, राजपूरकर, नवगावकर. घरातली बोली मराठी, बायका नऊवारी नेसायच्या, लग्नाच्या आधी हळद आणि मेंदी. इंग्रजी अमलात फौज, रेल्वे आणि सरकारी नोकऱ्यांच्या निमित्तानं बरीच कुटुंबं ठाण्यात स्थिरावली.

टेंभी नाक्यावरचं प्रार्थनामंदिर ‘शाअर हाशामाइम’, म्हणजे स्वर्गाचं दार. बांधलं १८७९ मध्ये. आठवलं का साल? ज्या वर्षी अर्ध्या मैलावर कौपिनेश्वराची डागडुजी चालली होती, त्याच वर्षी. गवंडी, चुना, सागवान, सगळ्यांना एकाच बाजारातून उचलायचं होतं. कुणी कुणाचे कारागीर पळवले असतील याची कल्पना करत मी तिथे नेहमी पाच मिनिटं घालवतो.

जुने ठाणेकर याला सिनेगॉग म्हणत नाहीत, ‘इस्रायल मशीद’ म्हणतात. खुद्द बेने इस्रायलीही प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत आले. एकदा आमच्या घोळक्यातल्या एका काकांनी पत्ता विचारला तर पानवाल्यानं सरळ सांगितलं, ‘इस्रायल मशीद ना? पुढे डावीकडे.’ काका गोंधळून माझ्याकडे बघत राहिले.

१९४८ नंतर पुष्कळ कुटुंबं इस्रायलला गेली, पण ठाण्यात समाज टिकून आहे. आत जायचं तर आधी परवानगी घ्या, ओळखपत्र जवळ ठेवा, डोकं झाका. शनिवारी आणि त्यांच्या सणांना बघ्यांनी जाऊ नये.

आणि अग्यारी?

तीही, म्हणजे पारशांचं अग्निमंदिरही, टेंभी नाक्याच्या परिसरातच. इंग्रजांनी ठाणे घेतल्यानंतर, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, पारशी कुटुंबं इथे वसली. कावसजी पटेल हे त्यातलं मोठं नाव, मुंबईतला सी. पी. टँक त्यांच्याच नावाचा. पारशी नसाल तर आत प्रवेश नाही. बाहेरून बघा, फाटकापाशी गप्पांचा फड जमवू नका, पुढे चला.

जेल म्हणजेच किल्ला? मग आत का सोडत नाहीत?

कारण ते चालू कारागृह आहे! हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, दर वेळी कुणीतरी विचारतंच. फोटोही काढायचे नाहीत. मोबाइल खिशात, आणि गोष्ट ऐका.

पोर्तुगीजांनी १७३० च्या दशकात खाडीच्या काठावर हा किल्ला बांधायला घेतला. मराठ्यांची चाहूल लागली होती. काम पुरं व्हायच्या आत, १७३७ च्या मार्चमध्ये, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ठाणं पडलं. वसई जिंकायला पुढे दोन वर्षं लागली, पण सुरुवात ठाण्यापासून झाली. मराठ्यांकडे हा किल्ला सदतीस वर्षं राहिला. पेशवे नारायणरावांच्या खुनानंतर पुण्यात घोळ माजलेला असताना मुंबईकर इंग्रजांनी संधी साधली आणि २८ डिसेंबर १७७४ ला तो हल्ला करून घेतला. १७८२ च्या सालबाईच्या तहानं साष्टी त्यांच्याकडेच राहिली.

माझी आवडती गोष्ट त्यानंतरची. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनाच्या प्रकरणात दुसऱ्या बाजीराव पेशव्याचा कारभारी त्र्यंबकजी डेंगळे याला इंग्रजांनी ठाण्याच्या किल्ल्यात डांबलं. पहाऱ्याला मुद्दाम गोरे शिपाई ठेवले, म्हणजे फितुरीची भीती नको. त्या शिपायांपैकी मराठी कुणालाच येत नव्हतं. एका साहेबाकडे चाकरीला लागलेला मराठा मोतद्दार रोज त्र्यंबकजीच्या खिडकीखाली घोड्याला खरारा करायचा आणि खरारा करता करता गाणं म्हणायचा. गाण्यात सगळा बेत : घोडे कुठे उभे, माणसं कुठे दबा धरून. पहारेकरी ऐकत होते, कदाचित चालीवर मानही डोलावत असतील. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री, ऐन पावसात, त्र्यंबकजी निसटला. नऊ वर्षांनी, १८२५ मध्ये, कलकत्त्याचा इंग्रज बिशप हेबर ठाण्याच्या इंग्रजी चर्चचं समर्पण करायला आला तेव्हा ही हकीकत त्याच्या कानावर आली आणि त्यानं ती टिपून ठेवली.

पुढे किल्ल्याचा तुरुंग झाला आणि गोष्टी काळवंडल्या. महादेव कोळ्यांच्या बंडाचे नायक राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी इथे फाशी दिलं. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधासाठी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी. कान्हेरे तेव्हा अठरा वर्षांचे होते. घोळक्यात कॉलेजची मुलं असली तर हे वय सांगताना माझा आवाज आपोआप खाली येतो.

बाहेरून दिसणारी तटबंदी बघताना दगडाचे थर बघा. खालचे मोठे, वर डागडुजीचे लहान. बुरूज तोफेच्या काळाचे, म्हणजे उंचीपेक्षा रुंदीला महत्त्व. डोंगरी किल्ल्यांची सवय असलेल्यांना हा किल्ला ‘एवढासाच?’ वाटतो. सपाट जागेवरच्या खाडीकाठच्या किल्ल्याची ताकद उंचीत नसते, पाण्यावर नजर ठेवण्यात असते.

पहिली रेल्वे ठाण्यालाच का आली?

रेल्वे ठाण्यासाठी आलीच नाही. ती घाटावरच्या कापसासाठी निघाली होती, ठाणं वाटेत लागलं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीला बोरीबंदरपासून घाटाच्या पायथ्यापर्यंत पोचायचं होतं. ठाण्यापर्यंत साष्टीची जमीन त्यातल्या त्यात सोपी, पुढे खाडी आडवी. म्हणून पहिला टप्पा इथे थांबला. १६ एप्रिल १८५३ ला दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून गाडी सुटली : १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी आणि ओढायला साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. अंतर ३४ किलोमीटर. पुढच्याच वर्षी खाडीवर पूल घालून रूळ कल्याणला गेले.

पण रस्त्यासाठी त्या दिवसाचा अर्थ वेगळा. तोपर्यंत मुंबईला जायचं म्हणजे बैलगाडी, घोडा किंवा होडी. आता सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येऊ लागलं. कारकून ठाण्यात घर करू लागले. स्टेशनपासून गावाकडे येणारी वाट रुंदावली, तिच्या दोन्ही कडांना दुकानं बसली. १८६३ मध्ये नगरपालिका झाली, दिवे, गटारं, रस्त्याची आखणी सुरू झाली. चेंदणीचे कोळी आपल्या वाड्याच्या कुशीत स्टेशन येताना बघत होते. माशाचा बाजार त्यांना गाडीनं मुंबईपर्यंत उघडा केला, आणि खाडीचं बंदर हळूहळू रिकामं केलं.

सकाळी ८.१७ च्या गर्दीत फलाटावर उभं राहून हे आठवत नाही, मान्य.

मराठी ग्रंथसंग्रहालयात बघण्यासारखं काय आहे? आम्ही काही वाचक नाही.

वाचक नसाल तरी दोन मिनिटं थांबा. सुभाष पथावरचं हे ग्रंथालय १ जून १८९३ ला सुरू झालं, जुन्या मराठी वाङ्मयाचे अभ्यासक विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकारानं. फक्त मराठी पुस्तकं जमवायची, सगळी जमवायची, हा हेतू. त्या काळात लायब्ररी म्हणजे इंग्रजी पुस्तकांची साहेबी चैन, नेटिवांसाठी असली तरी नाव ‘नेटिव जनरल लायब्ररी’. तेव्हा तालुक्याएवढ्या गावात हा हट्ट धरायला धाडस लागलं असणार.

इमारत आता नवी आहे, वास्तू म्हणून दाखवण्यासारखं फार नाही. मी माणसांना तिथे नेतो ते वर्तमानपत्रांच्या टेबलासाठी. सकाळी लवकर या, ठरलेल्या खुर्च्यांवर ठरलेले आजोबा बसलेले असतात. एकदा एका नवख्या मुलानं त्यातल्या एका खुर्चीवर बूड टेकलं. कुणी काही बोललं नाही, पण चार वर्तमानपत्रं एकदम खाली आली.

जुनं घर ओळखायचं कसं? मला सगळी पडकी घरं सारखीच दिसतात.

हा माझा सगळ्यात लाडका प्रश्न, त्यामुळे सैल सुटतो.

आधी जोतं. काळ्या दगडाचं, रस्त्यापासून दोन-तीन फूट उंच, कडेचे दगड घडीव. रस्त्यावर थरावर थर डांबर चढत गेल्यानं कित्येक जोती आता रस्त्याच्या पातळीला आलीत, काही तर खाली गेलीत. जिथे दुकानात शिरताना पायरी उतरावी लागते तिथे समजा, घर जुनं आहे आणि रस्ता वर आलाय. पावसात पाणी आत शिरतं ते यामुळेच.

मग खांब. सागवानी, चौकोनी, खाली दगडी उथळ्यावर बसवलेला, म्हणजे ओल लाकडाला लागत नाही. वर तुळई, तुळईवर आडवी लाकडं. सांध्यात खिळा नाही, कुसू आणि खाच, म्हणजे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक ‘खण’. घर किती मोठं हे चौरस फुटांत नाही, खणांत सांगत. ‘पाच खणी घर’ म्हटलं की ऐकणाऱ्याला ऐपत कळायची.

वजन खांबांवर, भिंत म्हणजे मधली नुसती भरण, विटांची, चुन्यात. म्हणून अशा घराची भिंत पडली तरी घर उभं राहतं. आपण बातमीत ‘भिंत कोसळली’ वाचतो तेव्हा बहुतेक वेळा आतली एखादी तुळई वाळवीनं आधीच पोखरलेली असते.

पुढे पडवी, मग ओटी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर आणि विहीर. वरच्या मजल्याचा सज्जा रस्त्यावर झुकलेला. छपराचा उतार तीव्र आणि पुढे फूट-दीड फूट आलेला, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात. आधी नळीची देशी कौलं असायची. बाझल मिशननं १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढल्यावर चपटी, खाचेची मंगलोरी कौलं समुद्रमार्गे वर आली आणि कोकणभर पसरली. पाडकामाच्या ढिगाऱ्यात एखादं दिसलं तर उलटं करून बघा, पाठीवर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. माझ्याकडे अशी सात आहेत. घरात कुणाला त्यांचं कौतुक नाही.

बाजारात एक झेरॉक्सचं दुकान आहे. आत मशीनच्या मागे ऑइलपेंटच्या पाच-सहा थरांखाली एक खांब उभा आहे, वरच्या टोकाला कमळाच्या पाकळ्या कोरलेल्या. दुकानदारानं त्यावर कॅलेंडरचा खिळा मारलाय. मी एकदा म्हटलं, ‘भाऊ, हे नक्षीकाम दीडशे वर्षांचं असेल.’ तो म्हणाला, ‘म्हणूनच खिळा चार वेळा वाकला.’

नंतरच्या पिढीची घरं वेगळी. चाळ : लांब गॅलरी, एका रांगेत खोल्या, लाकडी जिना मधोमध. त्यानंतर नौपाडा आणि राम मारुती रोडच्या बाजूला सिमेंटच्या दोन-तीन मजली इमारती, गोलाई घेतलेल्या बाल्कन्या, जिन्याला उभी जाळी. यांना कुणी जुनं समजत नाही, म्हणून त्या सर्वांत मुकाट्यानं पडतायत.

मग ही घरं कुणी जपत का नाही? मालकांना किंमत नाही का?

मालकांना दोष देणं सोपं. हिशेब बघा. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं प्रमाण भाडं १९४० च्या पातळीशी बांधलं. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूंना त्यानं वाचवलं, यात शंका नाही. पण ते भाडं तिथेच गोठलं. १९९९ च्या नव्या कायद्यानं वर्षाला ४ टक्के वाढ दिली, तीही त्या गोठलेल्या आकड्यावर. महिन्याला शंभरच्या आतबाहेर भाडं येत असेल तर सागाची एक तुळई बदलायला मालकानं काय विकायचं?

मुंबई शहरात जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी उपकर आणि म्हाडाचं दुरुस्ती मंडळ आहे. ती व्यवस्था फक्त बेटावरच्या मुंबईपुरती. ठाण्यातल्या वाड्याला ती लागू नाही. पावसाळ्याआधी पालिका धोकादायक इमारतींची यादी काढते, त्यात सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. भाडेकरू घर सोडायला घाबरतात, कारण परत जागा मिळेलच याची खात्री नाही. मालक दुरुस्तीला हात लावत नाही, कारण पडलं तर पुनर्विकासाची वाट मोकळी होते. मधल्या मध्ये पाऊस आपलं काम करतो.

आमचंही तेच झालं. चरईतलं आमचं घर भाड्याचं, वर दोन खोल्या. छप्पर गळायला लागल्यावर वडिलांनी स्वतःच्या खर्चानं कौलं बदलली, तर मालकाच्या मुलानं नोटीस पाठवली की परवानगीशिवाय बांधकामात फेरफार केला. सात वर्षं तारखा. शेवटी एका बिल्डरनं दोघांनाही मान्य होईल असा आकडा लिहिला आणि सगळे हसत पेढे वाटून वेगळे झाले. मला घर गेल्याचं दुःख आहे, आणि ज्या फ्लॅटमध्ये बसून हे लिहितोय त्यात पाणी गळत नाही याचा आनंदही आहे. दोन्ही खरं.

जी वास्तू वापरात आहे आणि जिचा खर्च करणारं कुणी आहे, ती उभी आहे : देऊळ, चर्च, मशीद, अग्यारी, जेलसुद्धा. राहती घरं पडली.

गडकरी रंगायतन या फेरफटक्यात कशाला? ते काही ऐतिहासिक नाही.

१९७८ ची इमारत. पंचेचाळीस वर्षं उलटून गेली. तुमच्या आईवडिलांनी तिथे पहिलं नाटक बघितलं असेल, तर ती तुमच्या घरच्या इतिहासात बसतेच. राम गणेश गडकऱ्यांचं नाव, तळ्याच्या काठावरची मोक्याची जागा, आणि मध्यंतरात बाहेर येऊन वारा खात बटाटावडा खायची सोय. वास्तुकला म्हणून मी तिला दहापैकी पाच देईन. जागेला दहा.

टेंभी नाक्याचं सिव्हिल हॉस्पिटल कुठे गेलं?

विठ्ठल सायन्ना यांच्या नावाचं जिल्हा रुग्णालय. जुनी बैठी, रुंद व्हरांड्यांची इमारत पाडून तिथे मोठं रुग्णालय उभारण्याचं काम हाती घेतलं गेलं. व्हरांडे छान होते, पण जिल्ह्याच्या गर्दीला ते पुरत नव्हते हेही तितकंच खरं. ठाण्यातले निम्मे पन्नाशीचे लोक तिथे जन्मले, मीही.

कधी यावं, कसं यावं, काय खावं?

रविवारी सकाळी साडेसहा. आठनंतर जांभळी नाक्यावर भाजी आणि फुलांच्या गर्दीत मान वर करून चालणं धोक्याचं. गणपती, नवरात्र आणि दहीहंडीच्या आठवड्यात वास्तूंचा नाद सोडा. टेंभी नाक्याच्या देवीला तर माणसांचा पूर असतो.

गाडी आणू नका. पार्किंग नाही, आणि शोधण्यात तुमचा मूड जाईल. चपला सहज काढता येणाऱ्या घाला, पाण्याची बाटली ठेवा, डोकं झाकायला रुमाल.

खायचं तर जुन्या मामलेदार कचेरीवरून नाव पडलेली मामलेदार मिसळ. ‘मीडियम’ म्हणजे दुसरीकडची तिखट, एवढं ध्यानात असू द्या. एका ताईंनी मला हे आधी न सांगितल्याबद्दल अजून माफ केलेलं नाही.

आमच्या घरी या भागातले जुने फोटो आणि कागद आहेत. त्यांचं काय करावं?

हा प्रश्न कमी वेळा येतो, आणि मला वाटतं तो जास्त यायला हवा. आधी एक करा : लॅमिनेशन करू नका. फोटो त्यात कोंडून पिवळा पडतो आणि परत सोडवता येत नाही. मोबाइलनं उजेडात, फ्लॅश न मारता, सरळ वरून टिपा. पाठची बाजूही टिपा, स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. भाडेपावत्या, वीजबिलं, लग्नपत्रिका फेकू नका, पत्ता आणि तारीख त्यांच्यावरच असते.

मग घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाशेजारी बसा आणि प्रत्येक चेहऱ्याचं नाव विचारा. माझ्याकडे एक फोटो आहे : तलावपाळीच्या कठड्यावर माझी आई आणि तिच्या चार मैत्रिणी, सगळ्यांच्या दोन वेण्या, मागे पाणी. आईचं नाव मला माहीत आहे. बाकीच्या चौघींची विचारायची राहून गेली.

नावं फोटोच्या मागे लिहा. पेनानं नको, शाई पुढे उमटते. मऊ पेन्सिलनं, हलक्या हातानं.